विद्यापीठातली मुले आणि उन्हाची वीज : मत बनते कोणाच्या संगतीने?

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची नागपूरच्या होस्टेलवरून घरी आली होती. घर म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खदानीचे क्वार्टर. भाऊजी खदानीत डंपर चालवतात. नोकरीची आठ वर्षे उरली आहेत. मीही त्या वेळी ताईकडे मुक्कामाला होतो. रात्री जेवायला बसलो आणि लाइट गेली. ज्या मातीतल्या कोळशावर लांबलांबच्या शहरांचे पंखे फिरतात, तिथेच उन्हाळ्यात लाइट जाणे ही काही नवी गोष्ट नाही. ताईने मेणबत्ती लावली. त्या उजेडात भाची म्हणाली, "बाबा, आता कोळशाचे दिवस संपत आले. आमच्या विद्यापीठात आम्ही सह्या गोळा केल्या. सगळ्या इमारतींवर सोलर बसवा आणि कोळशाची वीज घेणं बंद करा म्हणून."

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. "कोळसा बंद करा म्हणून सही करून राहिली तू? मग आपण खायचं काय, ऊन?"

ताई हसली. भाऊजी हसले नाहीत. भाची गप्प झाली आणि आम्ही तिघे मुकाट्याने जेवलो.

नंतर अंगणात खाटेवर बसलो असताना मी तिला विचारले, "बेटा, हे सोलरचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही मामा. मी वाचलं. मला पटलं."

ती खोटे बोलणारी मुलगी नाही. तरीही तिचे उत्तर अर्धेच आहे असे मला वाटत राहिले. वाचणारे पुष्कळ असतात, पटणारे थोडे आणि सही करणारे त्याहून थोडे. वाचल्यापासून सहीपर्यंतच्या वाटेत माणसे भेटतात. आज आपल्या समाजातली हजारो मुले-मुली विद्यापीठांत शिकत आहेत. ऊन, वारा, वाहते पाणी यांपासून होणारी वीज, म्हणजे सरकारी भाषेत अपारंपरिक ऊर्जा, हा त्यांच्या पिढीचा विषय आहे. त्या बाजूने त्यांचे मत बनते ते कोणामुळे? प्राध्यापकांमुळे, मैत्रिणींमुळे की घरच्यांमुळे? आणि खदानीत, गिरणीत, रेल्वेत घाम गाळणाऱ्या आई-बापांचा त्या मतात काही वाटा असतो का? वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न फक्त विजेचा नाही, म्हणून या पानावर तो घेतला आहे.

"मला पटलं" म्हणजे काय?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी ८१० लोकांना विचारले की, तुम्ही घरात वीज कशासाठी वाचवता? लोकांनी सांगितले, पर्यावरणासाठी, समाजाच्या भल्यासाठी, पैसे वाचावेत म्हणून. शेजारी वाचवतात म्हणून आम्ही वाचवतो, हे कारण त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवले. पण याच लोकांची उत्तरे जुळवून पाहिली तेव्हा उलटेच निघाले. कोण किती वीज वाचवतो याचा सर्वांत जवळचा संबंध होता तो, आपले शेजारी वाचवतात असे त्याला किती वाटते, याच्याशी.

मग त्यांनी सान मार्कोस नावाच्या गावात घरोघर दारांना कागद अडकवले. काही घरांना लिहिले, पर्यावरण वाचेल. काहींना लिहिले, पैसे वाचतील. काहींना समाजाची जबाबदारी सांगितली. काहींना एवढेच कळवले की, तुमच्या भागातले बहुतेक लोक अमुक पद्धतीने वीज वाचवत आहेत. मीटर पाहिले तेव्हा शेवटच्या घरांत वापर सर्वांत कमी भरला. गंमत अशी की, त्या घरांतल्या लोकांना विचारले तर ते म्हणाले, त्या कागदाचा आमच्यावर काही फारसा परिणाम झाला नाही. नोलन, शुल्ट्झ, चाल्डिनी वगैरे मंडळींचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे माझी भाची खोटे बोलत नव्हती. आपल्यावर दुसऱ्याचा प्रभाव पडला हे माणसाला आतून दिसतच नाही. त्याला वाटते, मी विचार केला. विचार तर केलेलाच असतो, पण कोणाच्या सोबत बसून केला ते तो विसरतो.

होस्टेलची हवा

या विषयावरचा मला सर्वांत आवडलेला जुना अभ्यास विजेचा नाही, राजकारणाचा आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन नावाचे मुलींचे कॉलेज १९३२ साली सुरू झाले. मुली बहुतेक श्रीमंत, जुन्या वळणाच्या घरांतल्या. शिकवणारे तरुण आणि नव्या विचारांचे. थिओडोर न्यूकॉम्ब नावाचे प्राध्यापक तिथे १९३५ ते १९३९ अशी चार वर्षे मुलींची मते नोंदवत राहिले. १९३६ साली अध्यक्षपदाची निवडणूक झाली. गरिबांसाठी सरकारी योजना काढणारे रूझवेल्ट एका बाजूला आणि श्रीमंतांचे आवडते लँडन दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी ६२ टक्के लँडनच्या बाजूने होत्या, म्हणजे जवळजवळ आई-बापांसारख्याच. वरच्या दोन वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण अवघे १५ टक्के उरले होते.

हा बदल पुस्तकांनी केला असे म्हणावे, तर पुस्तके सगळ्याच वाचत होत्या. न्यूकॉम्ब यांना आढळले ते असे, की ज्या मुलींना कॉलेजातल्या मुलींत मिसळायचे होते, ज्यांना तिथे मान हवा होता, त्या बदलल्या. ज्यांचे मन घरीच अडकलेले होते किंवा ज्या आपल्या दोन-तीन मैत्रिणींच्या कोंडाळ्यातच राहिल्या, त्या फारशा बदलल्या नाहीत. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा गाठले तेव्हा बहुतेकींची मते टिकलेली होती. टिकली कशी? तर त्यांनी लग्नाचे जोडीदार आणि मित्रमंडळी त्याच विचारांची निवडली होती. मतालाही रोज पाणी घालणारे कोणीतरी लागते.

दुसऱ्या दिवशी ताईबरोबर मूगवड्या घालता घालता मी भाचीला पुन्हा छेडले. तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. तिच्या खोलीतली मुलगी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातली. त्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे आणि २०१३ साली महाराष्ट्राच्या वीजनिर्मिती कंपनीने तिथेच १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला. आपल्याला खदानीचा भोंगा जसा रोजचा, तशा त्या मुलीला पवनचक्क्या रोजच्या. ती कोणाला पटवायला जात नाही. "आमच्या गावाकडे" म्हणून सहज बोलते. जमिनी गेलेल्यांची, गुरांची चराई गेलेल्यांची गाऱ्हाणीही तीच सांगते. त्यामुळे तिचे बोलणे जाहिरातीसारखे वाटत नाही, खरे वाटते. शिवाय एक सिनियर मुलगी आहे, शिकवणीला पैसे नसलेल्या मुलींना गणित शिकवणारी. सह्यांचा कागद तिच्या हातात होता. "तिला नाही कसं म्हणणार मामा?" भाची म्हणाली आणि स्वतःच हसली.

प्राध्यापकांचे नाव या सगळ्यात आलेच नाही. मी मुद्दाम विचारले तेव्हा म्हणाली, "सरांनी शिकवलं होतं ना. परीक्षेत दहा मार्कांना आलं होतं."

गप्प बसून केलेली सही

पण एक गोष्ट तिने सर्वांत शेवटी सांगितली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सह्यांच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, कोळशावर जगणारी गावे म्हणजे देशाला लागलेली काळी घाण आहे, ती आधी बंद झाली पाहिजेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाचीने वाजवल्या नाहीत, पण बोललीही नाही. आपले वडील खदानीत आहेत हे त्या खोलीत फक्त साक्रीच्या मुलीला ठाऊक होते. कागद फिरत तिच्यापर्यंत आला आणि तिने सही केली.

सॉलोमन अॅश या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. सात-आठ मुले ओळीने बसवायची. एका कागदावर एक रेघ आणि दुसऱ्यावर तीन रेघा. तिघींपैकी कोणती रेघ पहिलीएवढी लांब आहे, ते मोठ्याने सांगायचे. प्रश्न इतका सोपा की लहान मूलही चुकणार नाही. पण आधीच्या सगळ्या मुलांना अॅश यांनी शिकवून ठेवलेले होते. ती मुद्दाम एकच चुकीचे उत्तर देत. खरी परीक्षा शेवटी बसलेल्या एकट्या मुलाची. आपल्या डोळ्यांना दिसते ते सांगावे की सगळे म्हणतात ते? अशा फेऱ्यांत सुमारे एक-तृतीयांश उत्तरे जमावाच्या चुकीसारखी आली. एकदा तरी जमावापुढे मान तुकवणारी मुले शंभरात पंचाहत्तरच्या आसपास निघाली.

याच प्रयोगाचा दुसरा भाग मात्र पुष्कळांना माहीत नसतो. त्या ओळीत फक्त एक मुलगा खरे उत्तर देणारा बसवला, की चुका एकदम उतरत. सगळा जमाव फिरवण्याची गरज नव्हती. सोबतीला एक आवाज पुरत होता.

भाचीच्या बाबतीतही पुढच्या बैठकीत असेच झाले. उमरेडकडची एक मुलगी उठून म्हणाली, "माझा भाऊ कोळशाच्या ट्रकवर आहे. तो घाण नाही." एवढेच म्हणाली. मग आमची पोरगी उठली. तिने सांगितले की, माझे बाबा डंपर चालवतात, मला सोलर पाहिजे आणि माझ्या बाबांचं कामही पाहिजे. त्या दिवशी त्यांच्या अर्जात एक नवे वाक्य घातले गेले, की कोळशाच्या गावांतल्या कामगारांना आधी दुसरे काम मिळावे. ते वाक्य मुलांनी वाद घालून घातले. काहींना ते विषयाबाहेरचे वाटले होते.

हे तिने बाबांना मात्र सांगितले नव्हते. जेवताना नेमके अर्धेच बाहेर आले होते.

माझ्या मते आपल्या मुलांच्या बाबतीत काळजी करायची ती याची. मुले सोलरच्या बाजूने गेली म्हणून घाबरायचे कारण नाही. पण ज्या खोलीत सगळे एकाच आवाजात बोलतात, तिथे आपल्या वस्तीची, आपल्या बापाच्या कामाची आठवण सांगायला मुलगा किंवा मुलगी कचरते आणि सही मात्र करते. अशी सही म्हणजे अर्धा पाठिंबा. उद्या नोकरी लागली, संगत बदलली की तो कधी गळून पडेल सांगता येत नाही.

एकाच खात्यात वीज आणि मजूर

भाऊजी कामगार संघटनेत जुने आहेत. मी त्यांना भाचीच्या दुसऱ्या बैठकीची हकीगत सांगितली तेव्हा बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबासाहेब खदानीत उतरले होते, हे सांगितलं का तिनं तिथं?"

ही गोष्ट आपल्यातल्या नव्या मुलांना फारशी माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबाद भागातल्या कोळसा खाणींत गेले, खाली उतरले, मजुरांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. पाठोपाठ १९४४ साली कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. हे भाऊजींना पाठ आहे.

भाचीला दुसरी बाजू ठाऊक होती. त्या वेळी मजूर खात्याकडेच पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणासाठी नेमलेल्या समितीपुढे बाबासाहेबांनी भाषण केले. कारखानदारी वाढल्याशिवाय या देशातला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय कारखानदारी वाढणार नाही, असा त्याचा आशय होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्रकल्पातले अभियंता व्हूर्डुइन यांना त्याच मंडळात आणले गेले. पाण्यापासून वीज, पुरापासून बचाव आणि शेतीला पाणी, असे सगळे त्या एका योजनेत होते. बेनिंग्टनच्या मुली ज्या रूझवेल्टच्या बाजूला वळल्या, त्यांच्याच कारकिर्दीतला हा टेनेसीचा प्रकल्प, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

त्या रात्री बाप-लेकीचे भांडण झाले नाही ते यामुळे. एकाला बाबासाहेबांचा मजूर माहीत होता, दुसरीला बाबासाहेबांची वीज. खाते एकच होते. घरात बोलण्यासाठी दोघांना एक सामाईक जागा सापडली. होस्टेलची हवा कितीही जोराची असली तरी घरात अशी एखादी जागा असेल, तर मूल तिथे परत येऊन बसते.

भाऊजींची शंका मात्र खरीच आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. २०२५ च्या जूनअखेर देशातल्या वीज निर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांच्याशिवायची झाली. पण २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत ७० टक्क्यांहून जास्त वाटा कोळशाचाच होता. एकटे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. तेव्हा खदान उद्या बंद होत नाही. पण भाऊजींच्या मुलाच्या वेळेला काय? सौर विजेचे मोठे प्रकल्प राजस्थान, गुजरातच्या वाळवंटाकडे उभे राहतात. कोळशाचे काम चंद्रपुरात संपायचे आणि उन्हाचे काम जोधपूरकडे निघायचे, असे झाले तर माणसाने काय करावे? सौर यंत्रे बसवण्यासाठी सरकारने २०१५ पासून सूर्यमित्र नावाचे ६०० तासांचे प्रशिक्षण काढले. आयटीआय झालेल्या मुलांना ते उपयोगी आहे. पण बसवण्याचे काम चार दिवसांत संपते. डंपर चालवणाऱ्याची वर्षानुवर्षांची पगारी नोकरी त्याने भरून निघत नाही, हे मुलांच्या अर्जात लिहिले गेले पाहिजे.

छप्पर कोणाचे?

आता दुसरा मोठा मुद्दा. सोलरचा प्रसार शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे होतो. बॉलिंजर आणि गिलिंगहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियातली २००१ पासूनची दहा वर्षांची आकडेवारी तपासली. एका टपाल विभागात छपरावर एक नवा संच बसला की, त्याच विभागात आणखी एक बसण्याची शक्यता वाढते, असे त्यांना दिसले. वाढ दर संचामागे पाऊण टक्क्याच्या आसपास. आकडा लहान दिसतो. पण संचांमागून संच बसत गेले की तो साठत जातो. लोक रस्त्यावरून छप्पर पाहतात, बिल विचारतात, कोणाकडून बसवले ते विचारतात.

हे वाचले आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला, ज्याला छप्परच नाही त्याचे काय?

भाऊजींचे क्वार्टर कंपनीचे. मुंबईत लेबर कॅम्प, रमाबाई नगर पाहा. कोणाची पत्र्याची खोली, कोणाची भाड्याची, कोणी पुनर्वसनाच्या इमारतीत, जिथे गच्चीच्या किल्लीवरून भांडणे. नागपूरला इंदोऱ्यात काही जणांची स्वतःची घरे आहेत. पण एका मजल्याच्या गच्चीवर दोन भावांचा वाटा. एक किलोवॅट सोलरला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन व त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान ठरवले गेले. रक्कम लहान नाही. पण सरकारनेच अनुदानासाठी धरलेला तीन किलोवॅटचा खर्च १ लाख ४५ हजार होता. उरलेले पैसे, स्वतःच्या नावाचे मीटर आणि स्वतःचे छप्पर, हे तिन्ही ज्याच्याकडे आहे त्यानेच अर्ज करावा. शिवाय ज्याचे महिन्याचे बिल शंभर युनिटांच्या आत आहे त्याला वीज आधीच खालच्या दराने मिळते. त्यामुळे त्याची बचतही थोडीच.

परिणाम असा की सोलर बंगल्यांच्या रांगेत एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारत जाते आणि आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावर येऊन थांबते. मग वस्तीतल्या मुलाला विद्यापीठात कितीही पटले, तरी घरी आल्यावर दाखवायला एकही छप्पर नसते. आझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली मांडलेला विचार इथे लागू पडतो. माणूस एखादी गोष्ट करील की नाही हे त्याला ती चांगली वाटते का एवढ्यावर ठरत नाही. त्याच्या जवळच्यांना काय वाटते आणि ती गोष्ट त्याच्या हातात आहे का, हेही तितकेच पाहावे लागते. आपल्या मुलांच्या बाबतीत पहिली गोष्ट विद्यापीठ देते. दुसरी घर देऊ शकते. अडते ते तिसऱ्या ठिकाणी. "आमच्या लोकांना पर्यावरणाचे काही पडलेले नाही" असे जे सभ्य लोक बोलतात, त्यांनी एकदा आमच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते पाहावे.

लेकीकडून बापाकडे

प्रभाव वरून खालीच येतो असे नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात शाळेतल्या दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हवामानबदलाचे धडे शिकवले आणि मग त्यांच्या आई-बापांची मते पाहिली. मुलांमुळे पालकांची काळजी वाढलेली दिसली. सर्वांत जास्त फरक पडला तो बापांत आणि जुन्या विचारांच्या पालकांत. आणि मुलांपेक्षा मुलींचे बोलणे अधिक लागू पडले. डॅनिएल लॉसन यांचा हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मी तो भाऊजींना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "यासाठी अमेरिकेला कायले जावं लागते? ताईले विचारा, घरात कोणाचं चालते ते."

सुट्टी संपायच्या आदल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर समितीची बैठक होती. भाचीने उठून सर्वांना जयभीम केला आणि विषय मांडला. विहाराला पक्के स्लॅबचे छप्पर आहे आणि ते कोणा एकाचे नाही. खालच्या अभ्यासिकेत परीक्षेच्या दिवसांत मुले रात्री बारापर्यंत बसतात. पंखे, ट्यूबलाइट, पाण्याचा पंप, सगळ्यांचे बिल वर्गणीतून जाते. दोन किलोवॅट बसवले तर दोनशे चौरस फूट जागा लागेल आणि दिवसाला सरासरी आठेक युनिट वीज होईल. दिवसाची जास्तीची वीज नेट मीटरमधून कंपनीला जाईल आणि रात्रीच्या वापरातून वजा होईल. तिने सगळे फळ्यावर लिहून दाखवले होते.

महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारले, अनुदान मिळेल का? भाचीने खरे ते सांगितले. घरगुती योजनेचे अनुदान विहाराला नाही, कारण मीटर संस्थेच्या नावावर आहे. तिथे थोडी चुळबुळ झाली. एक जण म्हणाला, मग ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांनी आधी आपापल्या घरी बसवावे. दुसरा म्हणाला, लाखभर रुपये वरच्या देखाव्याला घालण्यापेक्षा पुस्तके आणा. हा मुद्दाही वावगा नव्हता.

भाऊजी मागे भिंतीला टेकून बसले होते. ते बोलले तेव्हा मला वाटले, आता मोडता घालतात. "इथं धूळ किती बसते ते माहीत आहे का कोणाले?" ते म्हणाले. "सकाळी धुतलेली मोटरसायकल संध्याकाळी काळी होते. त्या काचा दर आठ दिवसांनी धुवाव्या लागतील, नाही तर वीज अर्धी. कोण धुणार?"

"मी धुईन," भाची म्हणाली.

"तू तर होस्टेलवर."

ती गप्प झाली. भाऊजींनी इकडेतिकडे पाहिले. "फर्स्ट पाळी असली की दुपारी मोकळाच असतो मी," ते म्हणाले. "पण आधी बिलं दाखवा. खर्च किती, बचत किती, ते कागदावर पाहिजे."

बैठकीत निर्णय झाला नाही. सेक्रेटरींना गेल्या बारा महिन्यांची विजेची बिले काढून ठेवायला सांगितले आहे. आतापर्यंत आठ सापडली. उरलेली चार कपाटात कुठेतरी असतील म्हणतात.